ज्येष्ठ जॅझ-रॉक बँड प्रत्यक्ष ऐकायला जाताना : कोल्हापूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुलाकडं इंग्लंडला गेले होते, तेव्हा तिथल्या एका छोट्या सभागृहात 'सॉफ्ट मशीन' हा बँड समोर बसून ऐकला. परत आल्यापासून राजारामपुरीतल्या शेजारणी, बँकेतले जुने सहकारी, गाण्याच्या क्लासची मुलं, सगळ्यांचे प्रश्न चालू आहेत. बरेचसे तेच तेच आहेत, म्हणून एकदा बसून नीट उत्तरं लिहिली. मी आयुष्यभर ख्याल ऐकत आणि जमेल तसा शिकत आले, त्यामुळं माझी उत्तरं त्याच कानांनी दिलेली आहेत.

काकू, हा बँड नक्की कुठला? आम्ही नावसुद्धा ऐकलेलं नाही.

इंग्लंडमधल्या कँटरबरी गावचा. १९६६ मध्ये सुरू झाला. सुरुवातीला चौघं होते : ड्रम आणि गायन रॉबर्ट वायट, ऑर्गन माइक रॅटलेज, बास, म्हणजे खर्जातली गिटार, केव्हिन आयर्स आणि गिटार डेव्हिड अॅलन. १९६८ मध्ये ते प्रसिद्ध गिटारवादक जिमी हेंड्रिक्सबरोबर अमेरिकाभर फिरले. पुढं त्यांचं गाणं कमी कमी होत गेलं आणि वाजवणं वाढत गेलं. १९७० च्या 'थर्ड' या दोन रेकॉर्डींच्या संचात एकूण चारच रचना आहेत. रेकॉर्डच्या एका बाजूला एक, प्रत्येक अठरा-एकोणीस मिनिटांची. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमधल्या 'प्रॉम्स' या शास्त्रीय महोत्सवात ते वाजले. त्या महोत्सवात रॉक बँडनं वाजवण्याची ही पहिलीच वेळ. वायट यांनी पुढं सांगितलेली आठवण अशी, की ते मागच्या दारानं जरा बाहेर गेले, तर दरवानानं त्यांना परत आत सोडायलाच खळखळ केली. इथं फक्त खरं संगीत वाजतं, असं त्याचं म्हणणं.

माझ्या थोरल्या भावानं शिकत असताना मुंबईहून 'थर्ड' आणली होती. आमच्या घरात ती नाट्यसंगीताच्या रेकॉर्डींशेजारी उभी असायची, म्हणून मला हे नाव लहानपणापासून ठाऊक.

जॅझ-रॉक म्हणजे काय? आणि 'प्रोग्रेसिव्ह' कशाला म्हणायचं?

जॅझमध्ये आधी एक धून सगळे मिळून वाजवतात, मग एकेक जण त्या धुनेच्या चौकटीत आयत्या वेळी सुचेल ते वाजवतो आणि शेवटी सगळे धुनेवर परततात. बंदिश मांडायची, विस्तार करायचा आणि फिरून मुखड्यावर यायचं, तसंच हे. रॉकमधून आली विजेची गिटार, जोरकस ठेका आणि आवाजाचा भरणा. साठच्या दशकाच्या शेवटी या दोन्ही गोष्टी एकत्र आल्या. ज्यांनी तीन मिनिटांच्या गाण्याची चौकट सोडून पंधरा-वीस मिनिटांच्या, अनेक भागांच्या रचना बांधल्या, त्यांना प्रोग्रेसिव्ह म्हणू लागले.

ख्यालाची उपमा एका मर्यादेपर्यंतच चालते, हे मात्र ध्यानात असू द्या. आपल्याकडं तंबोऱ्याचा षड्ज अढळ असतो. इथं खालची स्वरांची जुळणी, म्हणजे कॉर्ड, सारखी बदलत राहते आणि वरचा स्वर तोच राहिला तरी त्याचा रंग पालटतो. हे बदल कानाला पटायला मला चार-पाच महिने लागले. रोज रात्री जेवणानंतर एक रचना, एवढाच अभ्यास होता.

मूळचा एकही माणूस आता बँडमध्ये नाही म्हणे. मग तो तोच बँड कसा?

हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा येतो आणि मला तो आवडतो.

हकिकत खरी आहे. डेव्हिड अॅलन ऑस्ट्रेलियाचे. १९६७ मध्ये फ्रान्सचा दौरा करून परतताना ब्रिटनमध्ये त्यांना प्रवेश नाकारला, तिथंच त्यांचा संबंध तुटला. आयर्स अमेरिकेच्या दौऱ्यानंतर बँड सोडून गेले. वायट १९७१ मध्ये बाहेर पडले. रॅटलेज सगळ्यात जास्त टिकले, पण १९७६ मध्ये तेही बाहेर पडले. मधल्या काळात कार्ल जेंकिन्स आले, ड्रमवर जॉन मार्शल आले, गिटारवर आधी अॅलन होल्ड्सवर्थ आणि १९७५ मध्ये त्यांच्या जागी जॉन एथरिज. ऐंशीच्या दशकात बँड थांबला. २००४ पासून जुन्यांपैकी काही जण 'सॉफ्ट मशीन लेगसी' नावानं वाजवू लागले आणि २०१५ मध्ये त्यांनी मूळ नाव परत घेतलं. मार्शल वयाची ऐंशी गाठेपर्यंत ड्रमवर होते. सप्टेंबर २०२३ मध्ये ते वारले.

मी ऐकले तेव्हा चौघं असे होते : गिटारवर एथरिज, सॅक्सोफोन, बासरी आणि कीबोर्डवर थिओ ट्रॅव्हिस, बासवर फ्रेड थेलोनियस बेकर आणि ड्रमवर असफ सिर्किस.

आता आपल्या गावाकडं बघा. अल्लादियाखाँसाहेब १९४६ मध्ये गेले. शाहू महाराजांच्या दरबारचा हा गवई. मंजीखाँ, भूर्जीखाँ हे त्यांचे मुलगे गेले, त्यांच्या शिष्या केसरबाई गेल्या, मोगूबाई गेल्या. त्यांच्या जयपूर-अत्रौली घराण्याची गायकी संपली असं आपण म्हणतो का? भूर्जीखाँसाहेबांकडून मल्लिकार्जुन मन्सूर शिकले आणि ती गायकी धारवाडला जाऊन पोचली. घराणं चालतं ते कुणाच्या तरी शेजारी बसून, त्याच्याबरोबर वर्षानुवर्षं वाजवून उचललेल्या रीतीवर. एथरिज या बँडमध्ये आले त्याला आता अर्धं शतक झालं. ते मूळच्या रॅटलेजबरोबर वाजवलेले आहेत. बेकर, सिर्किस त्यांच्या शेजारी उभं राहून वाजवतात. आमच्या घराण्यात याहून वेगळं काय होतं?

म्हणून पोस्टरवरची नावं मोजण्याऐवजी एक गोष्ट ऐका. एक जण वाजवत असताना बाकीचे तिघं काय करताहेत? ते ऐकत असतील, त्याच्या एका वळणावर दुसऱ्याचं वाजवणं लगेच पालटत असेल, तर बँड जिवंत आहे.

या वयात हात चालतात का?

चालतात. एथरिज यांची पंचाहत्तरी उलटून गेली आहे. तरुणपणीच्या रेकॉर्डवर जो वेग आहे तो प्रत्येक जागी असतोच असं नाही. पण स्वर लावायच्या आधी ते जो क्षणभर थांबतात, तो थांबा विशी-पंचविशीत कुणाला जमत नाही. मन्सूरअण्णांना म्हातारपणी ज्यांनी ऐकलंय त्यांना वेगळं सांगायला नको.

आम्हाला ताल कळत नाही. सम कुठं असते?

असते, पण कुणी हातानं दाखवत नाही. साध्या रॉकमध्ये चारची गणती असते. हे लोक सात, नऊ, अकरा अशा मात्रांत रचना बांधतात आणि मधेच बदलतातही. एक युक्ती सांगते : ड्रमकडं लक्ष देऊ नका, बास ऐका. तबल्याच्या एकल वादनात लेहरा धरणारा हार्मोनियमवाला जे काम करतो, ते इथं बरेचदा बास करतो. एकच छोटा तुकडा फिरत राहतो. तो जिथं पुन्हा सुरू होतो ती तुमची सम. ड्रमर त्याच्याभोवती खेळत असतो, त्याच्या मागं लागलात तर हरवाल.

मी हरवलेच. एका रचनेत मी बोटांच्या पेरांवर मोजत होते. तीन-दोन-दोन, सरळ रूपकासारखं वाटलं. पहिलं आवर्तन बसलं, दुसऱ्याला एक मात्रा उरली. पुन्हा सुरू केलं, पुन्हा तेच. अंगठा तिसऱ्या बोटावर अडकून राहायचा. शेजारच्या खुर्चीवर लोकरी टोपी घातलेले एक म्हातारे गृहस्थ होते. ते माझ्या हाताकडं बघत होते, हे मला उशिरा कळलं. काही न बोलता त्यांनी दोन्ही हातांची मिळून सात बोटं वर केली, बासचा तुकडा संपल्यावर आठ केली. सात आणि आठ, मिळून पंधरा. आपल्याकडं पंचम सवारी पंधराचीच. पुढचं आवर्तन आम्ही दोघांनी मिळून मोजलं आणि समेवर दोघांच्याही माना एकदम हलल्या. त्यांना मराठी येत नव्हतं आणि माझं इंग्रजी तिथल्या उच्चारांपुढं लंगडं पडतं, पण त्या एका समेनंतर आमची ओळख झाली.

आणखी एक सांगायचं राहिलं. ड्रमवाले सिर्किस कोन्नक्कोल शिकलेले आहेत. दक्षिणेत मृदंगाचे बोल तोंडानं म्हणतात, ती विद्या. हे ठाऊक असलं की त्यांच्या हातातली तिहाई, म्हणजे एकच तुकडा तीनदा वाजवून समेवर येणं, ओळखू येते.

जायच्या आधी काय ऐकावं?

'थर्ड', मग १९७५ चं 'बंडल्स' आणि अलीकडचं, २०२३ चं 'अदर डोर्स'. या तिघांत बँडचा सगळा प्रवास येतो. प्रत्येक तीनदा ऐका, त्याहून जास्त नको. पाठ झालं की मंचावर ते वेगळं वाजलं तर आपण नाराज होतो, आणि वेगळं वाजावं म्हणूनच तर आपण जातो.

या जातकुळीतलं आणखी हवं असेल तर गिटारवादक जॉन मॅक्लॉफ्लिन यांनी १९७१ मध्ये काढलेली महाविष्णू ऑर्केस्ट्रा आहे, आणि कलोसियम आहे. कलोसियमची एक गंमत आम्हा कोल्हापूरकरांसाठी : शाहू महाराजांनी रोमचं कलोसियम बघून आल्यावर कुस्तीचं खासबाग मैदान बांधलं आणि १९६८ मध्ये लंडनच्या एका ड्रमरनं, जॉन हाइसमन यांनी, तेच नाव आपल्या बँडला दिलं. हाइसमन २०१८ मध्ये गेले. त्यांच्या सोबत्यांनी २०२० मध्ये बँड पुन्हा उभा केला.

या सगळ्याचा कोल्हापूरशी काही संबंध आहे का, की तुम्हीच जोडताय?

एक धागा आहे आणि तो माझ्या मनाचा नाही. किराणा घराण्याचे अब्दुल वहीदखाँ पोरवयात कोल्हापूरला आले ते लंगडे हैदरबक्षखाँ यांच्याकडं शिकायला. वहीदखाँचे शिष्य पंडित प्राणनाथ. प्राणनाथांकडं १९७० मध्ये अमेरिकेचे संगीतकार टेरी रायली गंडा बांधून बसले. आणि रायली यांची एकच तुकडा पुन्हा पुन्हा फिरवत, त्यात हळूहळू बदल करत नेण्याची रीत सॉफ्ट मशीननं उचललेली. 'थर्ड'च्या शेवटच्या बाजूच्या सुरुवातीला ऑर्गनच्या फिरत्या लाटा आहेत, त्या ऐका.

कालक्रम सरळ ठेवायला हवा. बँडवर रायलींचा परिणाम झाला तो ते प्राणनाथांकडं जायच्या आधीच. तेव्हा कोल्हापूरचा ख्याल सॉफ्ट मशीनमध्ये उतरला असं मी म्हणणार नाही. पण सावकाश, एकाच स्वराभोवती रेंगाळत बसण्याची जी ओढ रायलींना किराण्याच्या दारात घेऊन आली, तीच ओढ त्या लाटांत आहे. म्हणूनच आम्हाला ते परकं वाटत नाही.

आवाज फार असतो का? कानाला त्रास?

असतो, आणि हे मनावर घ्या. ८५ डेसिबलला आठ तास ही सुरक्षित मर्यादा मानतात. तिथून पुढं दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. म्हणजे १०० डेसिबलला अवघी पंधरा मिनिटं. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२२ मध्ये कार्यक्रमांच्या जागांसाठी पंधरा मिनिटांची सरासरी १०० डेसिबल हीच वरची मर्यादा सांगितली आहे. गणपती विसर्जनातल्या स्पीकरच्या भिंतीपुढं उभे राहिलेल्या आपल्या लोकांना शंभर म्हणजे काही वाटत नाही, आणि काळजीची गोष्ट तीच आहे. एकदा गेलेलं ऐकू येणं परत येत नाही.

कानात घालायचे बोळे न्या. औषधाच्या दुकानातले फोमचे चालतात, पण ते वरचे, बारीक स्वर जास्त खातात आणि झांजेचा सूर मळकट करतात. वाजवणाऱ्यांसाठीचे खास बोळे मिळतात, ते सगळे स्वर सारखेच खाली आणतात. थोडे महाग आहेत, तरी घ्या.

कुठं बसावं?

साऊंडवाला जिथं मिक्सर घेऊन बसतो त्याच्या आसपास. तो जे ऐकून आवाज जुळवतो तेच तुम्हाला ऐकू येतं. पहिल्या रांगेत हात दिसतात, पण ड्रम गिटारला झाकतो. मी पाचव्या रांगेत मधे होते आणि मला दोन्ही मिळालं.

दाद कधी द्यायची?

प्रत्येकाचं एकल वादन झालं की टाळ्या, दुसरा सुरू झालेला असला तरी. हळू भागात मात्र शांत बसतात. आपल्यासारखं जागेवर 'क्या बात है' म्हणायची तिथं रीत नाही. पण बासरी आणि गिटार एकाच स्वरावर उतरले तेव्हा माझ्या तोंडून 'व्वा!' निघून गेलं, चांगलं खणखणीत. दोन-चार माना वळल्या, सगळ्या हसऱ्या. मला वाटतं दाद मनातून आली असेल तर ती कुठंही कळते.

तिकीट कसं काढायचं?

सभागृहाच्या किंवा बँडच्या स्वतःच्या वेबसाइटवरून. माझी पहिली खेप वाया गेली. घाईत दुसऱ्याच एका ठिकाणी, तिकिटं परत विकणाऱ्यांकडं, जवळजवळ दुप्पट पैसे भरले आणि तिकीट आलंच नाही. सभागृहाच्या खिडकीवर मात्र तीच जागा मूळ किमतीत शिल्लक होती. ज्येष्ठ नागरिकांना सवलत असते का, हेही तिथंच विचारा.

लहान मुलांना न्यावं का?

दहा-बारा वर्षांपुढच्या, वाद्य शिकणाऱ्या मुलांना जरूर. मध्यंतर धरून अडीच तास बसायची तयारी हवी.

परदेशी जाणं जमणार नाही. मुंबई-पुण्यात काय?

मुंबईला मोठी परंपरा आहे. १९७८ मध्ये तिथं 'जॅझ यात्रा' सुरू झाली आणि धोबी तलावाजवळच्या रंगभवनात जगभरातले वादक उघड्यावर वाजले. आता नरिमन पॉइंटच्या एनसीपीए या संगीत-नाट्य केंद्राचे कार्यक्रम पाहत राहा. आपल्याकडचा ज्येष्ठ बँड म्हणाल तर दिल्लीचा 'इंडियन ओशन', १९९० पासून वाजवतोय. त्यांचे तबलावादक-गायक असीम चक्रवर्ती २००९ मध्ये गेले, गिटारवाले सुस्मित सेन २०१३ मध्ये बाहेर पडले, तरी बँड उभा आहे. घराण्याचं उत्तर इथंही लागू होतं.

जाताना महालक्ष्मी एक्सप्रेस उत्तम. रात्री बसलं की सकाळी मुंबईत. येताना अडचण : कार्यक्रम ऐन रंगात येतो त्या सुमारास परतीची महालक्ष्मी सुटलेली असते. एक तर मुक्काम करा, नाही तर रात्रीची स्लीपर बस आधीच ठरवून ठेवा. पुण्याचं सोपं आहे, सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटर, स्वारगेटहून रात्रीही एसटी मिळते. जेवण कार्यक्रमाच्या आधी उरका. भुकेल्या पोटी सात-आठची गणती जमत नाही.

रेकॉर्ड घरी ऐकता येते, यूट्यूबवर सगळं आहे. एवढं लांब कशाला जायचं?

याचं उत्तर द्यायला मला थोडं मागं जावं लागेल. जानेवारी २०२३ मध्ये 'शक्ती' हा बँड पन्नास वर्षांच्या निमित्तानं भारतात आला होता. मॅक्लॉफ्लिन, झाकीरभाई, शंकर महादेवन, सेल्वागणेश, गणेश राजगोपालन. मुंबईत कार्यक्रम होता. मुलगा तिकीट काढून देतो म्हणाला. घरात लग्न होतं, थंडी होती, गुडघा दुखत होता. मी म्हणाले, पुढच्या वेळी. फेब्रुवारी २०२४ मध्ये त्यांना ग्रॅमी मिळालं, तेव्हा आनंदानं शेजारी पेढे वाटले. १५ डिसेंबर २०२४ ला झाकीरभाई गेले. बातमी कळली त्या संध्याकाळी मी देवापुढं दिवा लावला आणि कितीतरी वेळ तिथंच बसून राहिले. पुढची वेळ आता येणार नाही.

रेकॉर्डमध्ये सगळं ठरलेलं असतं. काय होणार ते आपल्याला माहीत, वाजवणाऱ्यालाही. समोर बसलं की कुणालाच माहीत नसतं. त्या रात्री एका जागी गिटारची तार उतरली असावी. एथरिज यांचा हात खुंटीकडं गेला, आणि त्या तीन-चार आवर्तनांत ट्रॅव्हिस यांनी सॅक्सोफोनवर आधीचीच ओळ लांबवत नेली, बास तसाच फिरत राहिला, ड्रमचा आवाज निम्म्यावर आला. गिटार परतली तेव्हा तिला जागा करून दिलेली होती. कुणी कुणाकडं पाहिलंसुद्धा नाही. असं काही रेकॉर्डवर राहत नाही. पुन्हा वाजवून घेतात आणि ते पुसून टाकतात. मी गेले ते हेच बघायला, आणि मला ते दिसलं.

सही मिळते का? फोटो?

मध्यंतरात आणि नंतर वादक स्वतःच टेबलापाशी उभे राहून सीडी, रेकॉर्डी विकतात. सही आनंदानं देतात. मी भावाची 'थर्ड' पिशवीत घालून नेली होती. टेबलाजवळ गेल्यावर लक्षात आलं, की त्या रेकॉर्डवर वाजवलेलं यातलं कुणीच नाही. ती पिशवीतच ठेवली आणि 'अदर डोर्स' घेऊन तिच्यावर सही घेतली, भावाच्या नावानं. फोटो वाजवत असताना काढू नका, मागच्याच्या डोळ्यांत उजेड जातो.

कोल्हापुरात असा बँड कधी येईल का?

यावा, असं मला मनापासून वाटतं. अशा वादनाला भलं मोठं मैदान नको. सहाशे-सातशे खुर्च्यांचं, चांगला नाद असलेलं नाट्यगृह हवं, भरवशाची वीज आणि मिक्सरपाशी जाणकार माणूस हवा. शाहू महाराजांनी बांधलेलं पॅलेस थिएटर, म्हणजे आपलं केशवराव भोसले नाट्यगृह, तशीच जागा होती. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री ते जळालं. दुसऱ्या दिवशी सकाळी खासबागेच्या बाजूनं तिथं गेले, तर माझ्यासारखी कितीतरी माणसं रस्त्यावर नुसती उभी होती. ते पुन्हा पूर्वीसारखं उभं राहावं म्हणून सगळं गाव धडपडतंय.

तोवर दर रविवारी सकाळी दहाला आमच्या घरी यायला हरकत नाही. एक रेकॉर्ड, एक बाजू, आणि नंतर चहा. या रविवारी 'थर्ड'ची चौथी बाजू लावणार आहे, ऑर्गनच्या लाटांची. तबला शिकणाऱ्यांनी पुढं बसावं.